साळिंदराची फुकटची गाडी

एका जंगलात, जिथे हल्ली रस्ता रुंद करायचं काम चालू असल्यामुळे जंगल सोडून बाकी सगळं दिसतं, तिथे साळिंदरांचं एक जोडपं राहत असे. नवऱ्याचं नाव भास्करराव काटेकर. बायकोचं नाव इंदुमती.

मुलांनो, भास्करराव वाईट नव्हते हं. कुणाचं कंदमूळ चोरत नसत, कुणाला टोचत नसत. फक्त 'फुकट' हा शब्द कानावर पडला की त्यांच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहत. आनंदाने.

इंदुमतीला जन्मात एकच हौस होती. समुद्र बघायचा. जंगल होतं डोंगरावर आणि समुद्र होता पार खाली, दूर. लग्नात तिच्या आईने तिच्या पदराच्या गाठीला एक आवळा बांधला होता. त्या जंगलात आवळा हेच नाणं. आई म्हणाली होती, "पहिल्यांदा समुद्र बघशील ना, तेव्हा हा त्याला वाहा."

दरवर्षी इंदुमती विचारायची, "अहो, यंदा जायचं का?"

दरवर्षी भास्करराव म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की."

आवळा सुकून सुपारीएवढा झाला. तरी नाणं ते नाणंच, म्हणून ती गाठ तिने कधी सोडली नाही.

मग एके दिवशी वडाच्या खोडावर एक पाटी लागली. 'देवमाशाच्या पाठीवरून सात दिवसांची समुद्रसफर. जेवणखाण तिकिटातच. एकावर एक फुकट.'

भास्कररावांनी शेवटचे दोन शब्द आधी वाचले, आणि संध्याकाळच्या आत तिकीट काढून आले. इंदुमतीला रडूच फुटलं. आनंदाने रडतात तसं. तुमची आई रडते का कधी तशी? नाही? मग तुमच्या घरीही 'पुढच्या वर्षी' चालू असेल.

आता तयारी सुरू झाली.

"जेवण तिकिटात आहे हो," इंदुमती म्हणाली.

"तिकिटात आहे, पण पोटात जाईल का?" भास्करराव म्हणाले. "देवमाशाकडे आपल्या चवीचं काय मिळणार? आपलं आपल्याजवळ असलेलं बरं."

म्हणून तिने चकल्या केल्या, कडबोळी केली, डिंकाचे लाडू वळले. दशम्यांची चळत झाली, लसणीची चटणी झाली, लोणच्याची बरणी फडक्यात बांधून झाली. एकूण दहा गाठोडी झाली. कपड्यांचं त्यातलं एक.

डोंगरावरून खाली यायला करकोच्यांची विमानसेवा होती. टोपलीत बसायचं आणि करकोच्याने ती चोचीत धरून उडायचं. सामानाला वेगळे पैसे. पण भास्कररावांनी नियम बारकाईने वाचला होता. अंगावर घातलेलं सामान वजनात धरत नाहीत. त्यांनी दहाही गाठोडी दोघांच्या काट्यांना अडकवली. करकोचा बिचारा सगळा वेळ डावीकडे कलून उडाला. भास्करराव खूश.

विमानतळावर उतरले तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं. देवमासा दुपारच्या भरतीला सुटणार होता. बंदर तिथून बरंच लांब होतं, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. देवमाशाने मनात आणलं तरी त्याला थांबता येत नाही, वाळूत रुतून बसेल तो.

विमानतळाच्या बाहेर गजाभाऊ नावाचा हत्ती उभा होता. त्याचा धंदाच तो. विमानतळ ते बंदर, बंदर ते विमानतळ.

"कुठं, बंदरावर?" गजाभाऊने विचारलं.

"हो. किती घेणार?"

गजाभाऊने सोंड हलवत दोघांकडे बघितलं, गाठोड्यांकडे बघितलं. "दोघं आणि हे सगळं सामान. बारा आवळे."

"बारा!" भास्करराव इतके दचकले की लोणच्याची बरणी काट्यावरून घसरली आणि इंदुमतीने ती वरच्या वर झेलली. "अहो, हत्ती आहात की दरोडेखोर? बारा आवळ्यांत आमचा महिना निघतो!"

"साहेब, हिशोब ऐकून तर घ्या."

"ऐकायचंय काय त्यात? बारा म्हणजे बारा. चल गं."

इंदुमती म्हणाली, "अहो, ऐकून घेतलं तर काय बिघडतं? वेळेवर पोचलेलं बरं."

"अगं, पैसे फेकून कुणीही पोचेल. त्यात अक्कल काय? इथं आपले बंडोपंत राहतात."

बंडोपंत म्हणजे भास्कररावांच्या आत्याच्या नणंदेचा मुलगा. त्यांची भेट दोघांच्याही मुंजीनंतर झालेली नव्हती. पण बंडोपंतांकडे स्वतःची गाडी होती, आणि हे भास्करराव कधी विसरले नव्हते.

बंडोपंत दारातच भेटले. हत्तीचं भाडं ऐकून म्हणाले, "टॅक्सी? आणि आम्ही असताना? शोभतं का हे? आपली गाडी आहे ना! मी सोडतो तुम्हाला बंदरावर."

गाडी म्हणजे एक कासव. जरा वयस्कर, पण पाठीवर गादी घातलेलं.

"दिसतं तसं नाही हं," बंडोपंत म्हणाले. "चार पानं घातली की दिवसभर चालतं. एकदाही बंद पडलं नाही."

"चालूही झालेलं दिसत नाही," असं इंदुमतीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सासरची माणसं.

"चहा घेऊन निघू," बंडोपंत म्हणाले.

मुलांनो, मोठ्या माणसांच्या भाषेत 'चहा घेऊन निघू' याचा अर्थ निघायचं नाही असा होतो. हे तुम्ही मोठे झालात की कळेल, आणि मग तुम्हीही तेच म्हणाल.

चहा झाला. चहाबरोबर बंडोपंतांच्या बायकोने, शकूवहिनींनी, पोहे केले. पोह्यांनंतर नवीन बीळ दाखवायचं निघालं. "ही बैठकीची खोली. ही आतली. इथे जरा वाका, ही साठवणाची. आणि हे बघा, मागच्या अंगाने वारा कसा येतो!" चौघांनी वाऱ्यात उभं राहून बघितलं. वारा येत होता. इंदुमतीला त्या वाऱ्यात जरासा खारट वास आला, आणि ती दाराकडे बघायला लागली.

खिडकीतून गजाभाऊ जाताना दिसला. पाठीवर मुंगसांचं अख्खं कुटुंब. "येताय का?" त्याने सोंड वर करून विचारलं.

"नको, आमची सोय झालीय!" भास्करराव ओरडले. मग ते हळूच बायकोला म्हणाले, "बघ, चहा, पोहे, गाडी. एक आवळा गेला नाही."

मात्र रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून डिंकाच्या लाडवांचा डबा शकूवहिनींना देऊन झाला होता. मुलांसाठी म्हणून चकल्याही. कासवाला निघण्यापूर्वी खायला घालायला हवं होतं आणि घरातला पाला संपला होता, तेव्हा त्याला दशम्या घातल्या. कासवाला त्या फार आवडल्या. सावकाश चावून खाल्ल्या त्याने.

अखेर गाडी निघाली. ऊन डोक्याकडे सरकायला लागलं होतं. इंदुमती पदराची गाठ चाचपत बसली. कासवाच्या शेजारून एक गोगलगाय पुढे गेली असं मी म्हणणार नाही, तुम्हाला खोटं वाटेल. बराच वेळ बरोबरीने मात्र चालत होती.

"वाटेत एक पत्रिका टाकायची आहे," बंडोपंत म्हणाले. "आमच्या बेबीचं लग्न आहे ना. वाटेतच आहे घर. पाच मिनिटं."

घर वाटेत होतं, पण दुसऱ्या वाटेत. तिथे पत्रिका दिली, अक्षता दिल्या, हळदीकुंकू झालं, सरबत झालं. मग आणखी एक घर. तेही वाटेतच. तिथे आजोबांना ऐकू येत नव्हतं म्हणून मुलीचं नाव, मुलाचं नाव आणि मुहूर्त दोनदा सांगावा लागला. त्यांनी मुलाच्या पगाराबद्दल विचारलं, तेव्हा भास्कररावही रंगात येऊन पाट ओढून बसले.

इंदुमती बाहेर कासवापाशी उभी होती. सूर्य आता बरोबर डोक्यावर आला होता. इतकी वर्षं वाट बघितली तेव्हा तिला कधी राग आला नव्हता. आज पहिल्यांदा आला, आणि राग आल्यावर बरंही वाटलं.

तेवढ्यात धप धप आवाज करत गजाभाऊ आला. पाठ रिकामी.

"गजाभाऊ, एकटीचे किती घ्याल?" तिने विचारलं.

"सामान?"

"काही नाही."

"मग एक आवळा."

"एकच? सकाळी तर बारा म्हणालात!"

"ताई, बसणाऱ्या डोईला एक आवळा. तुमचे दोन. आणि दहा गाठोड्यांचे दहा. हेच सांगत होतो, तर साहेबांनी ऐकूनच घेतलं नाही."

जे जेवण तिकिटातच होतं, त्याचंच ओझं इंदुमती सकाळपासून अंगावर वागवत होती. तिने एकेक गाठोडं काट्यावरून काढलं आणि कासवाच्या गादीवर ठेवलं. मग घरात गेली.

"अहो, दोन आवळ्यांत दोघांचं होतंय. सामान राहू द्या इथंच. चला लवकर."

"सामान राहू द्या?" भास्कररावांच्या हातातलं सरबत हिंदकळलं. "अख्खं लोणचं आहे त्यात! आणि फुकटची गाडी दारात असताना दोन आवळे कशाला? काय हो बंडोपंत?"

"छे छे, निघालोच आपण," बंडोपंत म्हणाले. "आता एकच पत्रिका राहिली."

इंदुमतीने नवऱ्याकडे बघितलं. जीव होता तिचा त्यांच्यावर. अजूनही आहे. पण समुद्रावरही होता, आणि तो जास्त दिवसांचा होता.

"मग मी पुढे होते," ती म्हणाली.

"हां, हे बेस!" भास्कररावांचा चेहरा खुलला. त्यांनी खिशातून तिकीट आणि रुमाल काढून दिले. "पुढे हो आणि चांगली जागा धर. कडेची. मी आलोच सामान घेऊन."

गजाभाऊ धावला. हत्ती धावताना तुम्ही पाहिलाय? पाहू नका, पण पाठीवर बसायला मिळालं तर सोडू नका. झाडं मागे गेली, टेकडी मागे गेली, आणि एका वळणावर इंदुमतीला समुद्र दिसला. तिला वाटलं होतं, मोठं तळं असेल. पण त्याला पलीकडचा काठच नव्हता. ती ओक्साबोक्शी रडली. गजाभाऊने विचारलं, "काय झालं ताई?" ती म्हणाली, "काही नाही हो. मोठा आहे."

धक्क्यावर पोचल्यावर तिने पदराची गाठ सोडली आणि सुकलेला आवळा गजाभाऊच्या सोंडेत ठेवला.

देवमाशाच्या शेपटीपाशी तिकीट तपासायला एक पाणमांजर बसलं होतं.

"तिकीट दोघांचं दिसतंय. दुसरे कुठे?"

"एकावर एक फुकट होतं ना," इंदुमती म्हणाली. "फुकटातलं मागून येतंय."

भरती आली. देवमाशाने मोठा भोंगा दिला आणि हळूच अंग सोडवून घेतलं. इंदुमतीने कडेची खुर्ची धरली आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला. समुद्राला वाहायला आता आवळा नव्हता. तिने अंगावरचा एक काटा काढला, आईचं नाव घेतलं आणि तो पाण्यात सोडला.

इतक्यात धक्क्यावर कासव आलं. वर भास्करराव, बंडोपंत आणि गाठोडी. मधे पाणीच पाणी. भास्कररावांनी दोन्ही हात तोंडाशी धरले. इंदुमतीला वाटलं, आता हे चिडणार.

"अगं," ते जिवाच्या आकांताने ओरडले, "जागा धरलीस का?"

"धरलीय हो!" ती ओरडली. तिला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण देवमासा वळला, समोर नुसता समुद्र आला, आणि वाईट वाटायचं राहून गेलं.

भास्कररावांचं काय झालं म्हणता? काय व्हायचंय? ते त्याच गाडीने बंडोपंतांकडे परत गेले आणि सात दिवस राहिले. हवेशीर खोलीत झोपले. लोणचं पुरवून पुरवून खाल्लं. उरलेल्या पत्रिका वाटल्या. घरी गेल्यावर सगळ्यांना सांगायचे, "सात दिवस समुद्रकाठी राहिलो, एक आवळा खर्च नाही!" बंडोपंतांनी मात्र त्या आठवड्यात कासव विकलं. आता कुणी नातेवाईक आला की ते स्वतःच लगबगीने रस्त्यावर जातात आणि गजाभाऊला हाक मारतात. भाडंही खुशीने स्वतःच देतात.

आणि इंदुमती? शेजारच्या खुर्चीवर रुमाल होता. रुमाल टाकलेल्या जागेवर त्या राज्यात कुणी बसत नाही. त्यामुळे सातही दिवस तिला त्या खुर्चीवर पाय पसरून समुद्र बघता आला.

तात्पर्य : मुलांनो, प्रवासात फुकटची गाडी मिळाली तर ती मुळीच सोडू नये. तिच्यात नवऱ्याला आणि सामानाला बसवून द्यावं, आणि आपण हत्तीने जावं.