राहिलेलं बटन

मुळेजींनी हाताने बनवून दिलेली वस्तू म्हणजे नेमकं काय आहे, हे त्यांना सोडून कुणालाच कळत नसे. सुरुवात इथूनच करतो, कारण ही हसण्यासारखी बाजू आहे. दुसरी सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो.

मुळेजी इंदुरात आमच्या गल्लीतच, समोरच्या घरात राहायचे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. सांवेर रोडवरच्या एका शर्टांच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. संध्याकाळी घरी येताना त्यांच्या डब्याच्या पिशवीत कापडाची कतरन, तुटकी बक्कलं, बाटल्यांची बुचं, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, असलं काहीबाही असायचं. "फेकायचं काय आहे त्यात, भिया? सब कामाचं आहे."

या मालातून ते गल्लीतल्या मुलांना वाढदिवसाला आणि मी शिकवायचो त्या शाळेतल्या शिक्षकांना शिक्षकदिनाला भेट बनवायचे. पेपरात गुंडाळून, सुतळी बांधून आणून द्यायचे आणि तुम्ही ती उघडेपर्यंत समोर उभे राहायचे. इथेच पंचाईत व्हायची.

शेजारच्या चिंटूला त्यांनी एकदा बूड नसलेल्या दोन पिशव्या दिल्या. चिंटूचे वडील त्यांच्यातून आरपार बघत म्हणाले, "मुळेजी, ही तर दोन्हीकडून खुली आहे."

"हो, तशीच आहे."

"पण यात ठेवायचं काय?"

"इस्तेमाल करून बघा. वस्तूच सांगते."

वस्तू काही बोलली नाही. चिंटूच्या आजीने एकीत लाटणं ठेवलं, ते खालून पायावर पडलं.

आमच्या शाळेतल्या जोशीबाईंना दोन बुचं आणि त्यांना जोडणारं इलॅस्टिक मिळालं. बाईंनी ते देवघरात ठेवून त्याला कुंकू लावलं. "देवाचं काही असलं तर उगाच पाप नको," म्हणाल्या.

कशासाठी आहे ते मुळेजी कधीच सांगत नसत. मी एकदा फारच मागे लागलो तेव्हा म्हणाले, "सांगून दिली तर ती भेट कसली, मास्तरजी? ती दवाई झाली."

मला तेही कळलं नाही.

एका शिक्षकदिनाला माझं पुडकं निघालं. आत शाळेच्या बस्त्याच्या जुन्या पट्ट्याचा वीतभर तुकडा, आतून कापूस भरून शिवलेला, वर ट्यूबचं रबर, कडेला शर्टाचं बटन. संध्याकाळी कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मधे पडदा अडकला आणि मुलं गोंगाट करायला लागली. मी खिशातून ती वस्तू काढली, माइकसमोर उंच धरली आणि विचारलं, "मुलांनो, ओळखा पाहू, हा कोणत्या जनावराचा लगाम?"

"बकरीचा!" "कुत्र्याचा!" "जोशीबाईंचा!" सगळी शाळा लोळायला लागली. शेवटच्या रांगेत मुळेजी बसले होते. तेही हसत होते. मला वाटलं, बरं झालं, त्यांनाही मजा आली.

पुढच्या वर्षी पुडकी आली नाहीत. मुलांच्या वाढदिवसांनाही नाहीत. मी सहज विचारलं तर म्हणाले, "आजकल कतरन मिळत नाही, मास्तरजी." त्यांच्या खिडकीशी रचलेला कतरनीचा ढीग मला माझ्या ओट्यावरून दिसत होता. मी म्हटलं, "असं होय," आणि आत आलो.

पुढे ते रिटायर झाले आणि हातोदला पुतण्याकडे राहायला गेले. मीही रिटायर झालो. मग एक दिवस मी बटाट्यांची जड पिशवी उचलून घरात येत होतो, तर आमची ही म्हणाली, "थांबा, बोटं कापतील." तिने तो पट्टा पिशवीच्या बंदांभोवती गुंडाळला आणि बटन लावलं. मऊ, जाडजूड मूठ तयार झाली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? तुम्ही रोज वह्यांचा गठ्ठा सुतळीला धरून आणायचात. बोटांवर लाल वळ उठायचे. मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर शाळेला विचारलंत."

चिंटूचे गुडघे बारा महिने फुटलेले असायचे, हे मला तेव्हा आठवलं. जोशीबाईंच्या वर्गाची खिडकी वाऱ्याने आपटायची, हेही.

दुसऱ्याच रविवारी मी हातोदची बस धरली. वाटेत एक वाक्य पाठ केलं. मुळेजी खाटेवर बसले होते, मांडीशी बटनांचा डबा. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की माझं वाक्य राहूनच गेलं.

"आ गए, मास्तरजी! या, या. क्या बात आहे! मग, लगाम बसला की नाही?"

आवाजात खोच नव्हती. असती तर सोपं गेलं असतं.

"बसला," मी म्हटलं. "रोज वापरतो."

"वस्तूच सांगते," ते खूश होऊन म्हणाले आणि चहा सांगितला. मग गल्लीतल्या एकेका मुलाची चौकशी केली. त्यांची नजर मात्र माझ्या हातापायांवरून फिरत होती. निघताना उशाखालून त्यांनी कापडाचं काहीतरी काढलं. एका टोकाला फास, दुसऱ्या टोकाला लाकडी ठोकळा. माझ्या हातात देता देता पुन्हा काढून घेतलं.

"याचं बटन राहिलंय. पुढच्या रविवारी या, लावून देतो."

परतीच्या बसमध्ये माझ्या ध्यानात आलं, डबा बटनांनी भरलेला होता. आणि त्यांच्या कॉलरला सुई टोचलेली होती, दोरा ओवलेली.

पुढच्या रविवारी आमच्याकडे पाहुणे आले. त्याच्या पुढचाही तसाच गेला. मग पुतण्या स्वतः ती वस्तू घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा विचारायचं काही उरलं नव्हतं.

हिने ती उलटसुलट करून पाहिली. "या खेपेला मलाही कळत नाही. बटन लावून बघू का?"

"नको," मी म्हटलं.

बसमध्ये पाठ केलेलं वाक्य अजून पाठ आहे. मुळेजी, त्या दिवशी मला कळलं नव्हतं. पण कळलं नाही म्हणून हसायला नको होतं.