ताईबाईच्या बिबड्यांचा फ्लेक्स

अमळनेरच्या अभिमनभाऊ बोरसे यांचं ठाम मत होतं की डिझायनर म्हणजे नुसता हात. डोकं गिऱ्हाइकाने पुरवायचं असतं. आणि डोकं त्यांच्याकडे भरपूर होतं. तेलाच्या गिरणीत तीस वर्षं सुपरवायझर राहिल्यामुळे दुसऱ्याच्या कामातली चूक त्यांना काम सुरू व्हायच्या आधीच दिसायची.

"पाकीट असं करतो," ते गल्लीत सांगत सुटले, "की बघणारा जागेवर उभा राहिला पाहिजे."

पाकीट होतं त्यांच्या आईच्या, म्हणजे ताईबाईच्या बिबड्यांचं. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, सगळा खानदेश करतो, पण ताईबाईचा बिबडा तळला की ताटात मावत नसे. यंदा तिने गल्लीतल्या आठ बायांना हाताशी धरून उन्हाळाभर बिबडे घातले होते आणि वीस पत्र्याचे डबे भरून ठेवले होते. डब्यांनी आधी माजघर व्यापलं, मग अभिमनभाऊंची खाट. भाऊ आता ओसरीत झोपत होते. आठही बायांचे कष्ट त्या डब्यांत बंद होते आणि त्या रोज संध्याकाळी येऊन "काही ठरलं का?" असं विचारून जात होत्या.

ठरवणार होते जळगावचे हेमराजशेठ. त्यांची किराण्याची तीन मोठी दुकानं. माल चाखून त्यांनी मान डोलावली होती, पण वर एक अट घातली होती. "भाऊ, चव पाकिटाच्या आत असते. गिऱ्हाईक बाहेरून बघतं. रविवारी लग्नासाठी अमळनेरला येतोय, तेव्हा पाकीट दाखवा. आवडलं तर तिन्ही दुकानांत ठेवतो, नाही तर दुसरे दोघं रांगेत आहेत."

म्हणून भाऊंनी धुळ्याची डिझायनर शोधली. दिपमाला नावाची ही मुलगी देवपुरात घरी बसून काम करायची. ती स्वतः येऊन ताईबाईचे फोटो काढून गेली, बिबडे खाऊन गेली आणि चार दिवसांत तिने पहिलं डिझाइन पाठवलं. पिवळाधमक रंग, मधोमध हातात भला मोठा बिबडा धरून ताईबाई खदखदा हसतेय, आणि वर ठळक अक्षरात 'ताईबाईचे बिबडे'.

भाऊंनी लगेच फोन लावला. "दिपमालाताई, छान आहे. फक्त एक छोटासा बदल. आई दात काढून हसतेय, आणि दात आहेत दोनच. लोक म्हणतील, हिलाच बिबडे चावत नाहीत तर आम्हाला काय चावणार? पेन्शनच्या अर्जाचा फोटो पाठवतो, तो टाका. त्यात ती गंभीर आहे."

गंभीर फोटो आला. मग पिवळा रंग भडक वाटायला लागला, म्हणून मागे पांढरा आला. पांढऱ्यात शुद्धता असते. फोटोही काळा-पांढरा झाला, कारण परंपरा जुनी दिसायला हवी. फोटोभोवती मोकळं वाटलं म्हणून फुलांची माळ आली. शुभकार्य आहे म्हणून खाली दोन समया आल्या. 'बिबडे' हा शब्द बारीक होऊन कोपऱ्यात गेला, कारण बिबडे सगळेच करतात, ताईबाई मात्र एकच. तिच्या नावाखाली 'जन्म १९४७' आलं.

"आणि खाली परिवाराची नावं," भाऊ म्हणाले. "सगळ्यांची. एक राहिलं तर आयुष्यभर ऐकवतील."

दिपमाला म्हणाली, "काका, एकदा फोन लांब धरून बघा. हे काहीतरी वेगळंच दिसायला लागलंय."

भाऊंनी अंगणात उभं राहून हात लांब केला. मुलं, सुना, नातवंडं, भाऊबंद अशी एकोणतीस नावं दिसत होती. एकही सुटलं नव्हतं.

"वेगळं दिसावं म्हणून तर करतोय," ते म्हणाले. "आता त्याचाच मोठा फ्लेक्स करा, आणि तळाशी लिहा: रविवारी सकाळी दहा वाजता, राहत्या घरी, सर्वांनी उपस्थित राहावे. ही विनंती."

"ठीक आहे काका," दिपमाला म्हणाली. डिझायनर वाद न घालता ठीक आहे म्हणते तेव्हा माणसाने सावध व्हायला हवं, पण भाऊंनी तिचा होकार म्हणजे स्वतःचा विजय धरला.

शनिवारी एक फ्लेक्स चौकात लागला, दुसरा दारच्या मंडपासाठी ठेवला. भाऊंनी तोच फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला, स्टेटसला ठेवला आणि मंडपवाल्याच्या मागे लागले. दुपारी फोन पाहिला तर जिकडेतिकडे जोडलेले हात. शंभरावर माणसांनी हात जोडले होते, कोणी फुलं वाहिली होती. अभिनंदन मात्र एकानेही लिहिलं नव्हतं. लोक हल्ली टाइप करायला आळस करतात, असं म्हणून भाऊंनी समाधान करून घेतलं. चाळीस फोन येऊन गेले होते. आता उद्या प्रत्यक्षच बोलू, म्हणून भाऊंनी ते राहू दिले.

रविवारी साडेनवापासून माणसं यायला लागली. पांढरे कपडे, खाली माना. चपला बाहेर काढून सगळे सतरंजीवर गपचूप बसत होते. इतकी शिस्तीची माणसं भाऊंनी स्वतःच्या लग्नातही पाहिली नव्हती. चहा फिरवला तर एकानेही घेतला नाही.

शेजारच्या गल्लीतले एक मास्तर पाठीवर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, धीर धरा."

"धीर तर धरावाच लागतो मास्तर. मार्केटच तसं आहे."

मास्तरांनी चमकून पाहिलं आणि दुःखाने माणसाचं असं होतं म्हणून आणखी दोनदा पाठ थोपटली.

तेवढ्यात धुळ्याहून चुलतभाऊ शालिग्राम आला. डोक्याचा पूर्ण गोटा, मिशीही साफ. भाऊ कौतुकाने म्हणाले, "तिरुपतीहून कधी आला?"

शालिग्राम म्हणाला, "भाऊ, माले ग्रुपवरना फ्लेक्सवर समजनं. दहाव्याले बलावस, नि दहा दिन एक फोन नही? मी काय परका शे?"

दहा दिवस कसले, हे भाऊ विचारणार तोच गल्लीच्या तोंडाशी हंबरडा फुटला. पहूरला दिलेली ताईबाईची धाकटी बहीण लताबाई एसटीने येऊन थेट तिथूनच रडत निघाली होती, डोक्यावरून पदर ओढून, खाली पाहत. मयताच्या घरी दारावर जायचं म्हणजे असंच रडत जायचं आणि दारात जी पहिली बाई भेटेल तिच्या गळ्यात पडायचं, ही तिकडची रीत. नवं लुगडं नेसून ताईबाई नुकतीच आतून येऊन दारात बसली होती. लताबाई तिच्याच गळ्यात पडली.

"माय वं! माही अक्का गेली वं! मले शेवटचं तोंडबी दिसलं नाही वं!"

गळ्यात पडून कोणी रडतंय म्हटल्यावर ताईबाईने आधी रडून घेतलं. आयुष्यभराची सवय ती. दोघी बहिणी चांगल्या दोन-तीन मिनिटं एकमेकींना घट्ट धरून रडल्या. मग ताईबाईने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "पन लता, मरनं कोन वं?"

लताबाईने पदर वर केला. पाहिलं. आणि ती तिथेच ओट्यावर मटकन बसली.

मंडपातल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. शालिग्रामचा हात हळूहळू डोक्यावर गेला.

"आरे, ह्या बठ्ठा लोके कसाले रडी ऱ्हायनात?" ताईबाई काठी टेकत पुढे आली. "अभिमन, काय शे हाई?"

अभिमनभाऊंनी मागे वळून मंडपातल्या फ्लेक्सकडे पाहिलं. या वेळी ते लांब उभे होते. पांढऱ्यावर काळी-पांढरी आई, भोवती माळ, खाली समया, एकोणतीस माणसांचा परिवार, राहत्या घरी दहा वाजता. आपल्या हाताने आपण आईचं हे काय करून ठेवलं, हे त्यांना आत्ता दिसलं.

आणि नेमके तेव्हाच शेवटच्या रांगेतून हेमराजशेठ उठले. चौकातला फ्लेक्स पाहून तेही लग्नाआधी दारावर येऊन बसले होते. एका हातात पांढरा रुमाल, दुसऱ्या हातात भाऊंनी त्यांनाच दाखवायला टेबलावर ठेवलेलं नमुन्याचं पाकीट. पाकिटावर तोच फोटो, तीच माळ.

"भाऊ," शेठ म्हणाले, "हे दुकानात ठेवलं तर गिऱ्हाईक बिबडे घेईल, की दुकान बंद आहे समजून परत जाईल?"

ओट्याच्या कडेला उभ्या आठही बायांचे चेहरे पडले. वीस डबे आता जन्मभर माजघरातच राहणार, हे भाऊंना स्पष्ट दिसलं.

ताईबाईला मात्र दारात आलेली माणसं उपाशी दिसत होती. ती आत गेली आणि तळलेल्या बिबड्यांची आणि शेंगदाण्यांची परात बायांच्या हाती देऊन बाहेर आली. "खा रे भो. मी जित्ती शे. मना देखत खा."

पहिला कुडकुड आवाज मास्तरांकडून आला. मग सगळ्या मंडपभर तोच आवाज. दोन दिवसांचं दुःख लोकांनी शेंगदाण्यांबरोबर चावून टाकलं. शालिग्रामने गोट्यावरून हात न काढता सात बिबडे संपवले. शेठही चौथ्यावर होते.

मागच्या बसने आलेली दिपमाला एवढा वेळ दाराशी उभी होती. तिने पिशवीतून एक पाकीट काढून शेठसमोर धरलं. पिवळंधमक, त्यावर खदखदा हसणारी ताईबाई. "हे पहिलं. मला आवडलं होतं म्हणून माझ्यासाठी एक करून ठेवलं होतं."

शेठनी पाकीट पाहिलं, समोरची ताईबाई पाहिली. तीही अगदी तशीच हसत होती, दोन्ही दात दाखवत. "हेच," ते म्हणाले. "तिन्ही दुकानांत. कधी पाठवता?"

भाऊंचा हात सवयीने वर आला. "फक्त एक छोटासा..."

"अभिमन," ताईबाई म्हणाली, "गप बस."

माणसं पांगल्यावर भाऊ फ्लेक्स फाडायला धावले. ताईबाईने काठी आडवी घातली. "फाडू नको. गुंडायीसन वर ठी दे. नावं बठ्ठासना शेत, कामले येई."

मागे उरलेले सगळे हसले. भाऊंना काही हसता आलं नाही.

ताईबाई दिपमालाजवळ जाऊन बसली, तिचा हात हातात घेतला. "पन पोरी, त्यामा फोटो तेवढा बदलजो. माले त्यामाबी हासेलच ठेव. हातमा बिबडा ऱ्हाऊ दे." मग जराशाने म्हणाली, "घाई नही शे."

"ठीक आहे आजी," दिपमाला म्हणाली.

अभिमनभाऊ फ्लेक्सचं एक टोक धरून तसेच उभे होते. त्यांना त्यात एकही दुरुस्ती सुचली नाही.