फारसीचा सौदा

आमच्या उकंडामामांनी आपल्याला किती भाकरी हव्यात हे कधी तोंडाने सांगितलं नाही. जेवायला बसले की ते उपरण्याचं टोक पुढे करायचे, मी त्याखाली हात घालायचा, आणि मामा आतल्या आत माझी बोटं दाबायचे. दोन बोटं दाबली की दोन भाकरी. मामी पटकीत गेल्यापासून भाकऱ्या मामा स्वतःच थापायचे आणि वाढायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे घरात आम्ही दोघंच, चोरून ऐकायला तिसरं माणूस नाही, तरीही भाकरीचा आकडा गुप्त!

मामा अमरावतीच्या बाजारात कापसाचे दलाल होते. त्या बाजाराची रीतच तशी होती. देणारा आणि घेणारा उपरण्याखाली हातात हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. भोवती पन्नास माणसं उभी असोत, कोणाला काही कळायचं नाही. पटलं नाही तर समोरचा आपल्याकडून वेगळी बोटं धरायचा, आणि शेवटी पंजात पंजा आवळला की सौदा पक्का. मग तो ब्रह्मदेवालाही मोडता यायचा नाही. "हातानं देलं ते तोंडानं वापस घेता येत नाई," असं मामा म्हणायचे.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना आमचा कापूस लागायला लागला, तेव्हाची ही गोष्ट. बाजारात लोक हसत उठायचे आणि हसत झोपायचे. मामांचा चेहरा मात्र ऐन तेजीतही मंदीचा. कोणी चढा भाव सांगितला की ते मान हलवून म्हणायचे, "टिकत नाई गड्या." कापसाचा भाव, नवीन जावयाचं प्रेम, पावसाची उघडीप, सगळ्यांना त्यांचा एकच शेरा. पुढे लढाई संपली, भाव खरोखरच कोसळला, तेव्हा बाजारात सगळ्यांत जास्त वाईट मामांनाच वाटलं. आपलं एवढं खरं व्हावं असं त्यांना वाटत नसावं.

मी नांदगाव खंडेश्वरचा. शिकायला म्हणून वडलांनी मला मामांकडे ठेवलं होतं. मला यंत्रांचं वेड होतं. वेड हाच शब्द बरोबर, कारण अक्कल त्यामानाने कमी होती. वाफेवर सरकी काढायचा रेचा फिरवून दाखवतो म्हणून मी एकदा चुलीवर तांब्याचा लोटा तोंड बंद करून ठेवला. रेचा फिरला नाही. लोटा छपरातून गेला आणि शेजारच्या अंगणात पडला. मामा धुरातून बाहेर आले, वर भोकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "टिकत नाई म्हटलं होतं."

गणित आणि पदार्थविज्ञान ही माझी दैवतं, आणि भाषा हा माझा शनी. मॅट्रिकच्या वर्षी हेडमास्तरांनी पालकांना बोलावलं. इंग्रजी, गणित वगैरे सगळ्यांनाच होतं, त्याखेरीज एक भाषा आपण निवडायची. पहिली मराठी, दुसरी संस्कृत, तिसरी फारसी. मला मराठीच घ्यायची होती. मराठीत आपल्याला काय येत नाही ते निदान समजायचं. मुंबईला जाऊन पुढे शास्त्र शिकायचं, तर या एका भाषेच्या खड्ड्यात पडून चालणार नव्हतं.

"हलकी घेऊ," मामा वाटेत म्हणाले. "बैल तुहे गणिताच्या जुवाले जुपले हायेत. त्याइच्यावर वझं टाकत नाई मी."

हेडमास्तर पुण्याकडचे होते, नवीनच आलेले. खोलीत आणखी चार पालक बसले होते. एवढ्या लोकांदेखत भाच्याचा सौदा उघड बोलायचा हे मामांच्या रक्तातच नव्हतं. ते सरळ हेडमास्तरांजवळ जाऊन बसले, उपरणं त्यांच्या मांडीवर पसरलं, खालून त्यांचा हात धरला आणि एक बोट दाबलं. एक म्हणजे मराठी.

हेडमास्तर दचकले. पुण्यात शिक्षकाचा हात असा कोणी धरत नसावं. त्यांनी हात सोडवायला मामांची बोटं पकडली, आणि नेमकी तीन पकडली. मामांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा एक बोट दाबलं. हेडमास्तरांनी पुन्हा घाईने तीन धरली, हात मोकळा केला, आणि प्रकरण सभ्यपणे मिटवावं म्हणून साहेबी पद्धतीने मामांचा पंजा हातात घेऊन चांगला घट्ट हलवला.

बाहेर आल्यावर मामांनी उपरणं खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "फारसी."

"मामा, त्यायले काय माहीत आपल्या बाजाराची रीत!"

"पंजा आवळला त्यायनं."

"पण त्यायले समजलंच नसन ना!"

"मले तं समजलं ना? आता कायचं मोडतं!"

दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून वर्गात फारसी म्हणालो. हेडमास्तरांनी चष्मा वर केला, मला एकदा नीट न्याहाळलं, आणि लिहून घेतलं.

शिकवायला मौलवी रहमतअली मिळाले. रोज संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जायचो, आणि माझ्या मागे मामा. "सौदा म्या केला, तं बसाचं बी मलेच पाह्यजे," हे त्यांचं म्हणणं. पन्नाशीचा दलाल मांडी घालून अलिफ-बे घोकू लागला. पहिले काही दिवस घशातून काढायचं अक्षर मामांना जमेना. ते एवढ्या जोरात खाकरायचे, की ओट्याखालचं कुत्रं उठून जायचं.

"उकंडाभाऊ," मौलवी म्हणायचे, "हर्फ पढो, बलगम मत निकालो."

पण महिन्या-दोन महिन्यांत उलटंच झालं. मामा किताब वाचायला लागले आणि मी खाकरत राहिलो. दोघं म्हातारे एखाद्या ओळीवर माना डोलवायचे, मौलवींच्या घरून सरबत यायचं, आणि मी भिंतीला टेकून गणिताची वही कधी उघडायला मिळते त्याची वाट पाहायचो. घरी परतताना मामा वाटभर बोलायचे. मामी गेल्यावर त्यांना एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

शाळेची चाचणी झाली. फारसीत मी साफ आपटलो, आणि ते अपेक्षितच होतं. पण गणितातही घसरलो, पदार्थविज्ञानात कसाबसा तरलो. संध्याकाळचा सगळा वेळ अलिफ-बेने खाल्ला होता. मी घरी आलो, पेटी भरायला घेतली आणि म्हणालो, "मामा, मी नांदगावले जातो. वावरात काम करन."

सकाळी मामा धुतलेला फेटा बांधून तयार. "चाल," म्हणाले.

हेडमास्तरांसमोर मामा बसले नाहीत. फेट्याला हात लावून उभेच राहिले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

"साहेब, मी सौदा मोडाले आलो."

"कसला सौदा?"

मामांनी सगळं सांगितलं. एक बोट, तीन बोटं, आवळलेला पंजा. हेडमास्तर ऐकत गेले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"अहो, मला यातलं काहीच माहीत नव्हतं! मी फक्त हात सोडवत होतो. परीक्षेचा अर्ज अजून मुंबईला गेलाच नाही, भाषा बदलता येते. त्या दिवशीचं तर मी विसरूनसुद्धा गेलो होतो."

"तुमी इसरले असान," मामा म्हणाले. "मी होतो ना तिथं."

अर्जावर मराठी लागली. मी मोकळा झालो आणि त्याच संध्याकाळी गणिताला बसलो. मामा मात्र तिथून सरळ बाजारात गेले आणि आपण सौदा मोडल्याचं स्वतःच चार दलालांना सांगितलं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. लपवणं त्यांना जमलं नसतं एवढंच. मग टवाळी सुरू झाली. "उकंडा, आज पक्कं हाय का उद्याच्याले सांगतं?" हे अकोल्याच्या बाजारापर्यंत पोचलं. मामांच्या उपरण्याखाली हात घालणारे कमी झाले. भाव पडल्यामुळे बाजारच थंडावला होता असंही म्हणता येईल, आणि मी बरीच वर्षं स्वतःला तसंच सांगत आलो.

परीक्षेला मुंबईला निघालो, तेव्हा आगगाडी नुकतीच बडनेऱ्यापर्यंत आली होती. मामा अकोल्यापर्यंत सोबत आले. त्यापुढची दुनिया त्यांनी पाहिली नव्हती आणि पाहायची घाईही नव्हती. उतरताना म्हणाले, "पास होशीन." टिकत नाही, वगैरे काही नाही. त्यामुळे मला फार भीती वाटली.

पास झालो. मराठीत काठावर, गणितात बरा. मुंबईत कॉलेजात शास्त्र शिकायला लागलो आणि पहिल्या दिवाळीला अमरावतीला आलो.

सकाळची वेळ. दारातूनच मामांचा आवाज ऐकू आला. घोंगडीवर बसून ते फारसीची किताब वाचत होते, एका लयीत, घसा अजिबात न खाकरता.

"मामा, हे अजून कायले?"

"सौदा मोडला कुठं?" ते म्हणाले. "तुह्या नावावरून माह्या नावावर केला. कोणी तं पुरा कराले पाह्यजे."

"मौलवीसाहेब काय म्हणतात?"

मामांनी किताबेतून मान वर काढली नाही. "मौलवीसायब पावसाळ्यात गेले. पटकी होती. म्या पानी पाजलं." मग पान उलटून म्हणाले, "आता वाचतो मी. पन चुकलं का बरोबर, हे सांगाले कोणी नाई राहिलं. तू बस. तुले तं मुंबईची इद्या हाय."

मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं, आणि हे मामांइतकं कोणाला ठाऊक असणार. मी घोंगडीवर बसलो. मामांनी एक ओळ वाचली आणि थांबले.

"बरोबर," मी म्हणालो.

त्यांनी पुढची ओळ वाचायला घेतली.