परसूअण्णांना चिखल हवा

स्वच्छ घर बघून ज्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते असा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. परशराम कडोलकर. आमच्या विमा कंपनीच्या बेळगाव शाखेत ते नुकसानीची पाहणी करणारे इन्स्पेक्टर आणि मी टायपिस्ट. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना परसूअण्णाच म्हणत. वादळानं कुणाचे पत्रे उडाले, कुणाच्या दुकानात पाणी शिरलं, की अण्णा पिशवीत शिंप्याचा टेप घालून निघालेच. दारात पाऊल टाकलं की पहिली आरोळी, "चिखल दावा!"

आता तुम्हीच सांगा, पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्याकडच्या बायका काय करतात? इथं तर बेळगावचा साहेब येणार! पूर ओसरला की आधी भिंती धुवायच्या, जमीन सारवायची, चुन्याचा हात मारायचा आणि मग साहेबासाठी खुर्ची मांडायची. साहेब येऊन बघतो तर घर दिवाळीसारखं. नुकसान कुठाय? अण्णा डोकं धरून खालीच बसायचे. "ह्या स्वच्छतेनं वाटोळं केलं बघा आपलं! आमी येईस्तवर सारवू नगा म्हणून किती बोंबलायचं?"

आणि खरंच बोंबलायचे. पावसाळ्याच्या तोंडाला आठवडी बाजारात उभे राहून. कंपनीनं सांगितलं नव्हतं, पण गप्प बसतील ते अण्णा कसले! एका म्हातारीनं भाजीच्या पाटीवरून सुनावलं होतं, "तुज्या घरात ठेव जा की रं चिखल!"

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. वेदगंगेला पूर आला आणि निपाणीजवळच्या एका गावात शांताक्काची पिठाची गिरणी पाण्यात गेली. नवरा वारल्यावर बाई एकटी गिरणी चालवायची. दोन पोरींचं पोट तिच्यावरच. बँकेच्या सांगण्यावरून पुराचाही विमा उतरवलेला. पाणी ओसरल्यावर तिनं मोटर पुसून, वाळवून चालू केली, तर ती जळाली. तोवर भिंतींना चुना देऊन झालेला. तलाठ्याच्या पंचनाम्यात "पाणी शिरले" एवढंच. किती, ते नाही.

आमचे कानडी साहेब म्हणाले, "मोटर पुरानं गेली हे कशावरून? वापरून जळाली असेल. प्रूफ इल्ला, क्लेम इल्ला."

"मोटर बुडंल एवढ्या उंच पाण्याची खूण दावली म्हंजे झालं न्हवं?" अण्णा म्हणाले आणि निघाले.

दोनदा गेले, दोनदा हात हलवत परत आले. दारामागं बघितलं, चक्कीखाली बघितलं, पाणी पोचणं शक्य नव्हतं तरी आढ्यावरही चढले. आक्कानं एक कोपरा पुसायचा ठेवला असेल तर शपथ! साहेब वैतागले, "साकु कडोलकर, पुरे आता!" तिसऱ्या खेपेला अण्णांनी रजा टाकली आणि आपलं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, म्हणून रिपोर्ट लिहायला मला ओढून नेलं.

शांताक्का दारातच उभी होती. "अण्णा, नगा आता तरास घिऊ. चक्की विकून तंबाखूच्या वखारीत जाते मी कामाला. थोरलीला शाळेतनं काढते, तीबी येईल संगं."

थोरली आतच उभी होती. खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. अण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि परत पहिल्यापासनं भिंती चाचपायला लागले. शेवटी लाइटच्या मीटरशी येऊन थांबले. मोटरीच्या वर हातभर ते मीटर, पुरात बंद पडलेलं. लाइनमननं मीटर वगळून वायर परस्पर जोडून दिलेली. काच बाहेरून अशी पुसलेली की तोंड दिसावं. अण्णांनी तिला नाक लावलं आणि असे ओरडले की आढ्यावरची कबुतरं उडाली.

काचेच्या आत, मधोमध, गाळाची पिवळी रेघ!

"आक्का, ही आतनं पुसायची कशी काय ऱ्हायली?"

"सरकारी सील हाय न्हवं त्याला," आक्का घाबरून म्हणाली. "हात लावला तर दंड हुईल म्हणून ऱ्हायलं. चुकलं माझं, अण्णा."

"चुकलं? आगं, देवानं बुद्धी दिली तुला!"

अण्णांनी टेप लावला, मी लिहिलं, लाइनमनची सही घेतली. साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि क्लेम पास केला. नवी मोटर बसली, थोरली शाळेतच राहिली. मला इतका आनंद झाला की ऑफिसात जिलबी मीच वाटली.

पुढं अण्णांनी नवंच खूळ काढलं. महिन्यातनं दोन रविवार ज्वारीची पिशवी खांद्यावर टाकून ते दळायला निपाणीची बस धरायचे.

"अहो, तुमच्या गल्लीत दोन गिरण्या आहेत की!"

"त्या पीठ जाळत्यात रं."

आम्ही ऑफिसात लई हसलो.

मग एकदा अण्णा तापानं पडले, म्हणून मी पहिल्यांदाच त्यांच्या खोलीवर गेलो. एक खाट, एक ट्रंक, उशाशी खानावळीचा डबा. चूल नाही, स्टोव्ह नाही, साधी परातसुद्धा नाही. आणि कोपऱ्यात तोंडं बांधलेल्या पिठाच्या पिशव्या, एकावर एक. खालच्यांना तर किडे लागलेले.

"अण्णा, एवढं पीठ?"

अण्णांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

"दळाण हुईस्तवर आक्का पोरींसंगं जेवायला बसवती रं. 'अण्णा, वाइच अजून घ्या' म्हणती. मोकळ्या हातानं कसं जायचं, सांग की."