पडण्याचा नंबर

सासरे स्वयंपाकघरात स्टुलावरून पडले आणि डॉक्टरांना म्हणाले, बाथरूममध्ये घसरलो. मनगट मोडलं होतं ते खरं, बाकी सगळी थाप. डायबेटिसच्या माणसाने कपाटावरच्या जामच्या बरणीसाठी स्टुलावर चढलो असं बायकोसमोर कोणत्या तोंडाने सांगायचं?

थाप घरच्याच शिकवणीतून आली होती. सून हॉस्पिटलात क्लिनिकल कोडर. डॉक्टरांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला, इजेला ठरलेला नंबर द्यायचा, हे तिचं काम. माणूस कुठे पडला, कशावरून, काय करताना, यांनाही वेगवेगळे नंबर. बाथरूममध्ये पडणारे रोजचेच, हे सासऱ्यांनी जेवताना तिच्याकडून ऐकून ठेवलं होतं.

चौकशी कुणी केलीच नाही. उपाय मात्र सुरू झाले. मुलाने आठवड्यात फरशी उखडून नवी खरखरीत बसवली. भिंतीला दांडे आले, प्लॅस्टिकची खुर्ची आली आणि दाराची कडी गेली. सासरे आंघोळीला गेले की सासूबाई बाहेर बसून सारखं "आहात ना?" विचारत. जन्मभर आंघोळीत गाणारा माणूस पार गप्प झाला, बिचारा.

शेवटी त्यांनी सुनेला एकटीला गाठून सगळं कबूल केलं. "तेवढा नंबर बदल ना. हॉस्पिटलच्या कागदावर स्टूल आलं की हे लोक बाथरूमचा नाद सोडतील."

"बाबा, घरच्यांची फाइल मी हातात घेत नाही. आणि घेतली तरी डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच धरायचं, मनाचं घालायचं नाही."

"खरं माहीत असलं तरी?"

"त्या दिवशी हॉस्पिटलात आलात तेव्हा तुमचे कपडे कोरडे होते आणि कोपराला जाम होता. मला तेव्हाच दिसलं. पण मला दिसलं म्हणून कागदावर येत नाही. डॉक्टरांना तुम्हीच सांगा."

पुढच्या तपासणीला सासऱ्यांनी मान खाली घालून स्टूल, कपाट, बरणी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. सासूबाई शेजारी पिशवीचे बंद नीट करत बसल्या होत्या.

परतताना सासऱ्यांना राहवेना. त्यांनी बायकोला विचारलं, "तुला राग नाही आला?"

"आडवं पडलेलं स्टूल मीच उचललं ना, सांडलेला जामही मीच पुसला. बरणी त्याच दिवशी खालच्या फळीवर आणून ठेवली, पुन्हा चढू नये म्हणून. तुम्हीच भीतीने तिकडे फिरकला नाहीत."

"मग बाथरूम उखडत होते तेव्हा बोलली का नाहीस?"

"फरशी बदल म्हणून किती वर्षं मुलाच्या मागे लागले होते मी," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याचा धड हात धरला. "कडी उद्याच लावून घेऊ. तुमचं गाणं नसलं की घर खायला उठतं."