चौगुल्यांचा काटा

पहिल्याच भेटीत चौगुल्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "सर, एक घर काढा." मी काढले. त्यांनी ते बराच वेळ निरखले. "कुंपण उंच. दाराला कुलूप. अंगणात माणूस न्हाय. चाचणीच्या पुस्तकाप्रमाणं तुम्ही धोकादायक निघताय."

आयुष्यभर मुख्याध्यापकी केलेल्या माणसाला हे तोंडावर ऐकावे लागावे, याचा मला धक्का बसला. मी तसे म्हणालो.

"मलाबी बसला होता," ते म्हणाले. "मी तर तुमच्याहून वाईट निघालोय."

निवृत्तीनंतर अल्पवयीन आरोपींच्या मंडळावर माझी नेमणूक झाली होती. सोळा वर्षे उलटलेल्या मुलाच्या हातून भीषण गुन्हा घडला, तर त्याला मूल मानायचे की मोठ्यांच्या न्यायालयात पाठवायचे, हे आम्ही ठरवीत असू. त्यापूर्वी मुलाच्या मनाची तपासणी चौगुले करीत.

त्यांचे वडील गूळबाजारात तोलाईचे काम करीत. "आधी काटा तपासायचा, मग ढेप तोलायची" हे वाक्य मुलाने वारशात घेतले होते. मुलांसाठीची प्रत्येक चाचणी ते आधी गावावर करून पाहत. वकील, हवालदार, कोणीही सुटत नसे. एका चाचणीत 'तू मित्रांना शिव्या देतोस का?' असा प्रश्न होता. होय म्हणणाऱ्याचे वर्तन बिघडलेले समजायचे. चौगुले तो प्रश्न घेऊन तालमीत गेले. वस्तादांसकट सारी तालीम बिघडलेली निघाली. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने तर त्यांनाच झापले. "सायेब, दोस्ताला शिवी न्हाय दिली तर त्यो रुसतोय की! तुमास्नी दोस्त हाईत का न्हाईत?"

चौगुल्यांनी चहा संपवला.

एकच चाचणी ते एकाच मुलाला पुन्हा देत. सोमवारी शांत ठरलेला मुलगा गुरुवारी हिंसक ठरे. मधे काय घडले, असे मी एकदा विचारले.

"बुधवारी आई भेटायला यायची होती. आली न्हाय."

मग गगनबावड्याकडचा एक मुलगा आमच्यापुढे आला. मारामारीत त्याच्या हातून एकाचा जीव गेला होता. त्याने काढलेल्या घराला एकही खिडकी नव्हती. भिंती उभ्या रेघांनी भरलेल्या. पुस्तकातला अर्थ मंडळाच्या प्रमुख न्यायाधीश बाईंनी वाचून दाखवला: बंद मन, लपवण्याची वृत्ती, पश्चात्ताप नाही. त्या म्हणाल्या, "हे पुरेसे स्पष्ट आहे."

"मॅडम, आधी काटा," असे म्हणत चौगुले उठले आणि काही छायाचित्रे त्यांनी टेबलावर मांडली. घरे होती, छपरापासून जमिनीपर्यंत गवताने झाकलेली. "पावसानं भिंती ढासळू नयेत म्हणून तिकडं गवताच्या ताट्या बांधत्यात. खिडक्या झाकल्या जात्यात. पोरानं मन न्हाय काढलेलं. आषाढातलं घर काढलंय."

एका पोराचे पुढचे आयुष्य आम्ही गवतावरून ठरवायला निघालो होतो. त्या मुलाला मूलच मानले गेले. त्याला मोठ्यांच्या न्यायालयात पाठवले नाही.

बाहेर आल्यावर मी विचारले, "हे तुम्हाला सुचले कसे?"

"सुचलं न्हाय सर. चुकलं होतं," असे म्हणून त्यांनी स्कूटरला किक मारली.

कळंब्याच्या तलावावर मी सकाळी फिरायला जातो. एकदा परतताना वाटेतल्या तुरुंगाबाहेर भेटीच्या रांगेत चौगुले दिसले. पुढेमागे बायाबापड्या, कडेवर लेकरे. मधे हे एकटे. कोणाला भेटायला आलात, असे मी विचारले.

"माझ्या पहिल्या अहवालाला."

तोही मुलगा गगनबावड्याकडचाच. घर तसेच, खिडक्या नसलेले. चौगुल्यांनी पुस्तकाप्रमाणे लिहिले आणि तो मोठ्यांच्या न्यायालयात गेला. "निकालानंतर त्याच्या आईला भेटाया गेलतो. पाऊस होता. घर बघितलं आन् दारातच बसलो. आता ती माउलीबी न्हाय. त्याला भेटणारं दुसरं कोण न्हाय."

मी एक निरर्थक प्रश्न केला. "त्याला अजूनही घर काढायला सांगता?"

"कशाला सांगू? आपणहून काढतोय. भेटीला बसलो की मधल्या काचेवर बोटानं. भिंत कमी, खिडक्याच लई." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "मला बरं वाटावं म्हणून."

रांग पुढे सरकली. त्यांच्या मागच्या बाईने त्यांना हाक मारली, "दादा, चला की." चौगुले चालू लागले.