निळ्या पट्टीवरचे खांबेटे

खांबेट्यांच्या घरात प्रवेश मिळतो तो निळ्या पट्टीवरूनच. पादत्राणे काढली की दारापासून आत जमिनीवर चिकटवलेली पाच मीटर लांब आणि दहा सेंटीमीटर रुंद पट्टी समोर येते. पाहुण्याने तिच्यावरूनच चालायचे. माझे वय पंचाहत्तर, हाती काठी. तरीही सवलत नाही. पहिल्या दिवशी मी मध्येच डगमगलो आणि "राम" म्हणालो. खांबेटे गंभीरपणे म्हणाले, "काका, अर्धा गुण गेला. रामाचा नाही, पावलाचा."

हॅनोव्हरला मी मुलाकडे राहावयास आलो तेव्हापासून ते आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी. मूळचे चिंचवडचे, यंत्र-अभियंते. पत्नी मंजिरीबाईंची नोकरी बाड हॉम्बुर्गला. त्या आठवडाभर तिकडेच असतात आणि शुक्रवारी सायंकाळी परततात. घरी सहा वर्षांची रेवा. ती दर मंगळवारी जवळच्या क्रीडामंडळात, इथल्या भाषेत फेराइनमध्ये, जिम्नॅस्टिक्सला जाते. मुलगी कोलांट्या मारते एवढ्यावर एखादा बाप संतुष्ट झाला असता. खांबेट्यांनी तिच्या पुढल्या दहा वर्षांचा तक्ता फ्रिजच्या दारावर लावला.

तो त्यांनी मला तीन बैठकांत समजावला. नेमून दिलेल्या कवायतींच्या पायऱ्या आहेत, पी-एक, पी-दोन अशा चढत्या. त्या सिद्ध झाल्यावर मुलीने स्वतः रचलेली कवायत सादर करायची. शिवाय वाटाही दोन: एक हौशी मुलांची, दुसरी निवडक पथकाची. मला यात नवल वाटले नाही. आम्ही संस्कृतचे शिक्षकही शब्दरूपे मुखोद्गत झाल्यावाचून कोणास काव्य शिकवीत नसू. तसे बोलून दाखवताच खांबेटे प्रसन्न झाले. "गेनाऊ, काका. क्रम." गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर; हे त्यांचे पालुपद. चहात आधी साखर की आधी दूध, या प्रश्नाचे उत्तरही तेच.

प्रशिक्षिका फ्राउ ब्रांट वयाने माझ्याच आसपासच्या. रेवा पी-तीनला केव्हा पोहोचेल, असे खांबेट्यांनी त्यांना पहिल्याच तासाला विचारले. आधी तिला बागडू द्या, असे त्या म्हणाल्या. खांबेट्यांनी घरी येऊन तक्त्यात एक चौकोन वाढवला: 'बागडणे, बारा आठवडे.'

वसंतात निवडक पथकाची चाचणी झाली. महिनाभर त्या घरात दुसरा विषय नव्हता. रेवाची निवड झाली नाही तर दहा वर्षांचा तक्ता पुन्हा आखावा लागेल, असे खांबेटे मला जिन्यात थांबवून सांगत. चाचणीला ते मलाही घेऊन गेले. दसऱ्याला ते घरच्या पट्टीला हळदकुंकू वाहत. रेवाला तोच संस्कार. तुळईवर, म्हणजे घरच्या पट्टीएवढ्याच लांबीरुंदीच्या उंच लाकडावर, चढण्यापूर्वी तिने वाकून तुळईला डोके टेकवले. तिच्या मागच्या चार जर्मन मुलींनी, हाही नियमच असावा असे समजून, क्रमाने तुळईला डोके टेकवले. फ्राउ ब्रांट खोकल्या आणि वहीत बराच वेळ काही लिहीत राहिल्या.

रेवाची निवड झाली. पत्र आले; सराव आठवड्यातून चार दिवस, त्यांत शनिवार पूर्ण, स्पर्धा असल्यास रविवारही. खांबेट्यांनी ते दोनदा वाचले आणि नम्रपणे नकार कळवला. मी कारण विचारले. "क्रम, काका," एवढेच म्हणाले.

त्या रविवारी दुपारी मी रिकामा डबा परत करावयास खाली गेलो. मंजिरीबाई गाडी पकडण्यासाठी निघत होत्या. दार मिटले आणि रेवाचा ओठ थरथरला. खांबेटे पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मांडी घालून बसले. तिने हात पसरले आणि एकेक पाऊल टाकीत पाच मीटर ओलांडून ती त्यांच्या मांडीवर येऊन बसली. डोळे कोरडे होते. "नोख माल," ती म्हणाली. म्हणजे पुन्हा एकदा.

ती फेऱ्या मारू लागल्यावर खांबेटे हळूच म्हणाले, "मंजिरी पहिल्यांदा गेली त्या दिवशी ही पट्टी लावली, काका. तोल सांभाळताना रडता येत नाही. तक्ता मग सुचला. शनिवार-रविवार आई घरी असते; तेवढे दोन दिवस पट्टी लागत नाही."

मग दाराला कडी घालावयास ते उठले आणि दोन्ही हात पसरून पट्टीवरूनच चालत गेले. मध्ये एकदा डगमगले. मी गुण कापला नाही.